पुरावा मिळणार नाही

मालगाडीचे डबे एकामागून एक पादचारी पुलाखालून सरकत होते. आता शेवटचा डबा, आणि त्याच्यामागे घाट चढवायला लावलेली इंजिनं. रविनाने श्वास रोखून धरला. दीड तास ती कसारा स्टेशनच्या या पुलावर भाद्रपदाच्या भुरभुरीत उभी होती, ती या अर्ध्या मिनिटासाठी. छत्रीच्या दांड्याला बांधलेला छोटा रेकॉर्डर, त्याला वारा लागू नये म्हणून वर चढवलेला बाबांचा लोकरी मोजा... इंजिनांचा घुमारा खालून वर येऊ लागला आणि नेमका तेव्हाच तिच्या कानाशी खणखणीत आवाज आला—

"ओ ताई, हे मागलं इंजिन ढकलतं, का नुसतं धरून ठेवतं?"

रविनाने डोळे मिटून घेतले. इंजिनं पुलाखालून गेली. घुमारा धुक्यात विरला. मग तिने सावकाश वळून पाहिलं.

पंचविशीतला एक सावळा मुलगा होता. कपाळावर भिजलेले केस, हातात शेंगदाण्यांची पुडी, आणि चेहऱ्यावर अशी उत्सुकता, की त्याला रागवायचं म्हटलं तरी सुरुवात कुठून करावी ते कळेना.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"कुठं? उत्तर कुठं दिलं तुमी?"

"अरे, रेकॉर्डिंग चालू होतं! आता या गाडीच्या आवाजात जन्मभर तुझा आवाज राहणार."

तो चपापला. पुडी खिशात कोंबली, मान खाली घातली, आणि हळूच विचारलं, "मग... बरा आला का?"

रविनाला हसू येत होतं. तिने ते येऊ दिलं नाही, कारण तेवढ्यात तिच्या डोक्यात काहीतरी टक्कन पेटलं. हा प्रश्न... ढकलतं का धरून ठेवतं... हे शब्द तिने वाचले होते. या महिन्यात तीनदा!

"तू धसईचा शाम पष्टे ना?"

"आयला! तुमी कसं ओळखलं?"

"मी रविना फर्डे."

"घाटातले आवाज टाकता त्या?" त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मला वाटलं होतं तुमी पन्नाशीच्या असाल."

"का बरं?"

"एवढी माहिती... आणि एवढा राग."

'घाटातली गाडी' हा त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा ग्रुप. कल्याणपासून इगतपुरीपर्यंतची अडीचशे माणसं त्यात होती आणि सगळी रेल्वेची वेडी. कोणी फोटो काढायचं, कोणी इंजिनांचे नंबर वहीत उतरवायचं. रविना आवाज टिपायची. तिचे वडील ज्ञानेश्वर या घाटात कीमन होते. हातोडा घेऊन रोज मैलोन्‌मैल रूळ तपासत चालायचे. रुळावर हातोडा पडला की आवाजावरून त्यांना कळायचं कुठे काय ढिलं आहे. तो कान लेकीकडे आला होता.

पण अडीचशे माणसं म्हटली की तऱ्हा आल्याच. एक गृहस्थ रोज सकाळी सहाला गुलाबाचं फूल पाठवायचे, त्याखाली सुविचार. एक जण ग्रुपला चौकशीची खिडकी समजून रोज विचारायचा, आज लोकल लेट आहे का. आणि हा शाम— एकच प्रश्न पुन:पुन्हा.

"तीनदा उत्तर दिलंय लोकांनी," रविना म्हणाली.

"उत्तर कुठं? एकानं लिवलं, वर बघ. दुसऱ्यानं लिवलं, गूगल कर. जगदीशकाकांनी विचारलं, मुरबाडची गाडी कुठवर आली?" तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "आमच्या मुरबाड तालुक्यात रूळ नाय ना. गाडी येणार, गाडी येणार, एवढंच लहानपणापासून ऐकतोय. मामा आटगावला. सुट्टीत त्याच्याकडं आलो का दिवसभर गाड्याच बघत बसायचो. आता भाताचा टेम्पो घेऊन इकडं आलो का अर्धा तास काढतो. प्रश्न पडतात, मग विचारतो. चुकलं का?"

रविनाने मोबाइलवर वेळ पाहिली. मग म्हणाली, "पुढच्या गाडीला अर्धा तास आहे. टाइम आहे का?"

"हाय की."

गाडी आली. रविनाने त्याला पुलाच्या लोखंडी कठड्यावर तळवा ठेवायला सांगितला. स्वतःचाही शेजारी ठेवला. खालून पुढचं इंजिन गेलं, ओल्या लोखंडात एक थरथर आली आणि ओसरली. डबे गेले. मग शेवटी मागची इंजिनं... आणि तळव्याखाली ती थरथर दुप्पट जोराने उठली.

"कळलं? नुसतं धरलं असतं तर इतका जोर कशाला लावला असता? सदतीस मीटर चाललं की एक मीटर चढ आहे हा. पुढचं ओढतं, मागची ढकलतात. उतरताना धरून ठेवायचं काम वेगळं."

गाडी धुक्यात शिरून दिसेनाशी झाली तरी शामचा तळवा कठड्यावरच होता. तिचाही. मध्ये चार बोटांचं अंतर... आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवसापासून शामचे प्रश्न ग्रुपवर यायचे बंद झाले. ते थेट रविनाकडे यायला लागले. चारच दिवसांत 'तुमी'चं 'तू' झालं. 'ताई' तर त्या पुलावरच राहिली होती.

धसईला त्याच्या घरची भात भरडायची गिरणी होती. एकदा त्याने गिरणीचा आवाज पाठवला आणि खाली लिहिलं, 'ओळख.' रविनाने दोनदा ऐकला. 'गिरणी आहे, आणि पट्टा सैल आहे,' तिने लिहिलं. पलीकडून पाच मिनिटं काहीच नाही. मग आलं, 'आत्ता बघून आलो. खरंच सैल हाय. तू माणूस हायेस का काय हायेस?'

रविना शहापूरला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. घटस्थापनेच्या सुमाराला एक दिवस लॅबच्या दारात टेम्पो उभा राहिला. शाम आत आला, बाह्या दुमडून खुर्चीत बसला.

"काय तपासायचं?" तिने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

"झोप नाय लागत."

"त्याची टेस्ट नसते."

"भूक पण नाय लागत."

"त्याचीही नसते."

"मग तुमच्याकडं आहे तरी काय?"

"सुई," रविना म्हणाली. तो झटकन उठून उभा राहिला. लॅबमधल्या दोन म्हाताऱ्या खुदकन हसल्या. जाताना टेबलावर त्याने कागदात बांधलेल्या कोवळ्या काकड्या ठेवल्या. त्या दिवशी तिने सोळा जणांचं रक्त घेतलं आणि एकालाही दुखलं नाही म्हणतात.

असं सगळं चाललं होतं. पण जगदीशकाका होतेच.

जगदीशकाका कल्याणचे. ग्रुपमधले सगळ्यात जुने. निवृत्त झालेले, त्यामुळे दिवसभर मोबाइल हातात. रविनाने काहीही टाकलं की त्याखाली मिनिटभरात एक शब्द यायचा— 'पुरावा?' आवाज अमुक इंजिनाचा आहे कशावरून? पुरावा? तू स्वतः टिपलास कशावरून? पुरावा? सुरुवातीला ती द्यायची. वेळ सांगायची, जागा सांगायची, रेकॉर्डरचा फोटो टाकायची. एक दिला की काका दुसरा मागायचे. शहापूरच्या अक्षयने एकदा इंजिनाचं नावच चुकीचं लिहिलं, तेव्हा मात्र काकांनी अंगठा दाखवून 'छान' म्हटलं होतं.

दिवाळीनंतर रविनाला एक दुर्मीळ आवाज मिळाला. धुकं इतकं दाट होतं की घाटातून प्रतिध्वनी परत येत होता. जणू दोन गाड्या एकमेकींना हाका मारताहेत. त्यासाठी तिने सहा रविवार घालवले होते. तिने तो ग्रुपवर टाकला. तासाभरात तीस-चाळीस जणांनी वाहवा केली. आणि मग काका आले.

'हा आवाज मी पूर्वी ऐकलाय. कोणाचा उचललास? पुरावा?'

खाली लगेच दुसरं, 'बाबांनी काढून दिला असेल. मुलींनी पुलावर उभं राहण्यापेक्षा घरी स्वयंपाक शिकावा.' त्याखाली हसरे चेहरे. एक, चार, अकरा...

रविना लॅबमध्ये होती. हातात कोणाचा तरी दंड होता म्हणून तिने मोबाइल खाली ठेवला. पुन्हा उचलला तेव्हा शामचा मेसेज आलेला दिसला. तिचं काळीज एकदम हलकं झालं. 'काका, मी तिला तिथं उभी राहताना डोळ्यांनी बघितलंय. उगाच कायपण बोलू नका.'

त्याखाली काकांचं उत्तर होतं, 'आधी मुरबाडला रूळ येऊ दे, मग रेल्वेवर बोल.' पुन्हा हसरे चेहरे.

आणि तिच्या डोळ्यांदेखत शामचा मेसेज नाहीसा झाला. त्या जागी राखाडी अक्षरं उरली— हा मेसेज हटवण्यात आला.

संध्याकाळी टेम्पो लॅबच्या दाराशी आला तेव्हा ती रस्त्यावरच उभी होती.

"का पुसलास?"

"वाद वाढला असता गो. त्या माणसाला किती तोंड देणार? सोड ना तो ग्रुप. आपुन दोघं हावोत ना... तू मला पाठव, मी ऐकतो."

"मी का सोडू?" रविनाचा आवाज चढला. "मी काय चोरी केली? सहा रविवार मी तिथे उभी राहिले, जगदीशकाका नाही. जागा माझी आहे, शाम. आणि मी म्हणजे काय फक्त तुला ऐकवायला आवाज टिपते?"

"तसं नाय म्हणालो मी..."

"अडीचशे माणसांत माझ्या बाजूने एक ओळ होती. एक! ती तू पुसलीस."

रविना रिक्षात बसून, घरची कसारा लोकल पकडायला, आसनगाव स्टेशनच्या दिशेने निघून गेली. पुढे महिनाभर त्याचे मेसेज येत राहिले. तिने एकाचंही उत्तर दिलं नाही. रोज वाचले मात्र सगळे. दोन-दोनदा.

तो महिना काकांनी गाजवला. रविनाने काहीही लिहिलं, अगदी कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी खाली यायचं, 'आधी त्या आवाजाचा पुरावा.' शेवटी ग्रुपचा अ‍ॅडमिन ऋतिक याचा फोन आला.

"रविना, डिसेंबरचा मेळावा कसाऱ्यालाच ठेवलाय. तुला वीस मिनिटं देतोय, घाटातल्या आवाजांवर बोल. फक्त एक कर... काकांना ती मूळ फाइल दाखव. तारीख-वेळ बघतील, विषय संपेल. घरी त्यांना कोणी विचारत नाही गं. गुडघे गेलेत, कुठे जाता येत नाही. म्हणून असं करतात बिचारे. समजून घे ना."

"ऋतिक, त्यांचे गुडघे दुखतात हे मला आत्ता कळलं," रविना म्हणाली. "पण माझ्या लॅबमध्ये रोज पंधरा-वीस जण येतात, ज्यांचं काही ना काही दुखत असतं. त्यातलं कोणी मला चोर म्हणत नाही."

त्या दिवशी जेवताना तिने वडिलांना सगळं सांगितलं. ज्ञानेश्वरांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "आवाज तुझा हाय ना?"

"हो बाबा."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि कालवण वाढून घेतलं.

मेळावा स्टेशनजवळच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये होता. साठ-सत्तर माणसं आली होती. बायका तीन. पहिल्या रांगेत जगदीशकाका बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. रविना त्यांना पहिल्यांदाच पाहत होती. तिला वाटलं होतं कोणी दांडगा माणूस असेल. हे तर साधे, पांढऱ्या सदऱ्यातले, कोणाचेही आजोबा शोभतील असे. तिचा राग क्षणभर गोंधळला.

मग तिला दाराशी उभा असलेला शाम दिसला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. तिने नजर वळवली. वळवली खरी... पण पर्सची चेन दोनदा उघडली-मिटली ती त्यामुळेच.

ऋतिकने नाव पुकारलं. रविना उठली, माइक हातात घेतला. "नमस्कार. मी घाटातले आवाज..."

"पुरावा?" पहिल्या रांगेतून आवाज आला.

सगळा हॉल खो खो हसला. काकांनी मागे वळून दाद घेतली. ऋतिकही हसला, आणि त्याने हाताने तिला खूण केली— दाखव फाइल, संपव.

रविना हसू थांबेपर्यंत उभी राहिली. चांगली तब्येतीत उभी राहिली. मग बोलू लागली.

"गेल्या वर्षभरात काकांनी मला एकशे बारा वेळा पुरावा मागितला. ग्रुपमध्ये शोधलं की सापडतं, मी मोजलंय. इथे बसलेल्या बाकी सगळ्यांना मिळून एकदाही नाही. पहिल्या चाळीसेक वेळा मी दिला. वेळ दिली, जागा दिली, फोटो दिले. मला वाटायचं, एकदा खात्री पटली की थांबतील. पण त्यांना खात्री नकोच होती. त्यांना मी नुसतं देत राहायला हवं होतं."

काकांनी काठीवरची पकड बदलली.

"मूळ फाइल माझ्या पर्समध्ये आहे. तारीख, वेळ, सगळं त्यात आहे. आणि मी ती दाखवणार नाही. आज नाही, पुढेही नाही. पुरावा मिळणार नाही."

"म्हणजे नाहीच आहे!" काका काठी आपटत म्हणाले.

"तसं समजा. तुमची समजूत काढणं हे माझं काम नाही, काका."

ऋतिक धावत पुढे आला. "रविना, अगं... बरं, तू बस आता. अक्षय, तुझे फोटो घेऊ या का आधी?"

"थांबा जरा."

आवाज दाराशी झाला. सगळ्यांच्या माना वळल्या. शाम भिंतीला टेकून उभा होता तो दोन पावलं पुढे आला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मी शाम पष्टे, धसईचा. मी ग्रुपवर हिच्या बाजूनं एक मेसेज लिवला होता. तुमी हसलात, म्हणून पुसला. लाज वाटली मला... तुमची नाय, माझीच. तर आता तोंडानं बोलतो. हे पुसता येत नाय. तो आवाज हिचा हाय. आणि नसता पुरावा तरी हिचाच असता, कारण ती सांगते हाय."

"अरे, मुरबाडची गाडी कुठवर आली?" काका म्हणाले. सवयीनेच.

दोघे-तिघे हसले. शाम मात्र या वेळी मान खाली घालायला विसरला.

"कसाऱ्यापर्यंत आली, काका. ही काय, उभी हाय," त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. अक्षय आपल्या पेन ड्राइव्हशी चाळा करत मंचाच्या पायरीवर उभा होता. तो ऋतिककडे बघून म्हणाला, "माझ्याकडे पण माझ्या फोटोंचा पुरावा नाय रे बाबा. मी पण बसतो." आणि खरोखरच खाली बसला.

रविनाने माइक टेबलावर ठेवला. "मी बाहेर चहाच्या टपरीवर आहे," ती म्हणाली. "वीस मिनिटांचे आवाज आणलेत. ज्यांना ऐकायचे असतील त्यांनी या." आणि मधल्या वाटेने सरळ चालत, काठी ओलांडून, दाराबाहेर पडली.

बाहेर थंडीचं कोवळं ऊन होतं. तिने टपरीच्या बाकावर छोटा स्पीकर ठेवला. मागे वळून पाहायचं धाडस होईना. एक चहा सांगितला. पावलं वाजली... शाम. मग अक्षय. मग त्या उरलेल्या दोन बायका, आसनगावचे दोन कॉलेजचे मुलगे, रोज गुलाबाचं फूल पाठवणारे गृहस्थ— ते सुद्धा! अकरा जण झाले. सत्तरातले अकरा.

रविनाने आवाज सुरू केला. टपरीवाल्याने आपणहून स्टोव्ह बंद केला. धुक्यातून एक गाडी घुमली आणि डोंगरातून दुसरीने तिला ओ दिली. गुलाबवाल्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला.

नवा ग्रुप तिथेच निघाला. नाव अक्षयने सुचवलं, 'ऐका'. नियम रविनाने लिहिला, एकच— प्रश्न कितीही वेळा विचारा, हिणवू मात्र एकदाही नका. गुलाबवाल्यांनी चाचरत विचारलं, "आणि सकाळचं फूल?" रविना म्हणाली, "रविवारी चालेल." ते खूश झाले.

मंडळी पांगली तेव्हा शाम रिकामे ग्लास गोळा करत रेंगाळला होता. रविनाच्या मोबाइलने टुंग केलं. नव्या ग्रुपमध्ये येण्याची विनंती— जगदीश, कल्याण.

शामने तिच्या खांद्यावरून पाहिलं. सल्ला दिला नाही. रविनाने क्षणभर विचार केला. पांढरा सदरा आठवला, काठी आठवली. आणि जुन्या ग्रुपवरचे ते अकरा हसरे चेहरेही आठवले. तिने 'नाकारा' दाबलं आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

"चल," ती म्हणाली. "घराकडे निघालेय. चढ आहे, दमशील."

"मी गोणी उचलतो रोज."

वस्तीकडे जाणारी वाट वाळलेल्या गवतातून वर चढत होती. खाली घाटात कुठेतरी गाडी होती, पण आज रविनाचा कान तिकडे नव्हता.

"रागावलीस अजून?" शामने विचारलं.

"अर्धी."

"उरलेली अर्धी कशानं जाईल?"

"ते तू शोध."

तो थांबला. वाटेतला एक दगड पायाने उगाच इकडून तिकडे केला. "मला ना... बोलता नाय येत धड. हॉलमध्ये बोललो ते कालपासून गिरणीत पाठ करत होतो. हे पाठ नाय केलेलं." आणि मग इतकं हळू पुटपुटला की गवताची सळसळ त्याच्यापेक्षा मोठी होती, "मला तू आवडतेस..."

"काय?"

"ऐकलंस तू. तुला पट्टा सैल झालेला ऐकू येतो."

"नाही आलं. मोठ्यानं बोल."

"रविना, ती बघ, माणसं हायेत..."

होतीच. वरच्या शेतात चार-पाच बायका गवत कापत होत्या. शेजारची कमळकाकू डोक्यावर भारा चढवता चढवता खाली बघत थांबली होती. रविनाने हाताची घडी घातली. वाट पाहत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत हसू होतं आणि त्याच्याखाली काहीतरी फार खरं... फार हळवंही. शामने ते पाहिलं. आणि छाती भरून ओरडला—

"मला तू आवडतेस! लगीन करायचं मला तुझ्याशी!"

समोरच्या डोंगराने 'तुझ्याशी' परत पाठवलं. वरचे विळे थांबले. एक बाई दुसरीला कोपराने ढोसू लागली.

शाम आता पुरता घामाघूम झाला होता. "झालं? आता तुझं काय?"

रविनाने उत्तर त्याला दिलंच नाही. तिने त्याचा हात धरला, चांगला घट्ट, सगळ्यांना दिसेल असा, आणि वर शेताकडे तोंड करून हाक मारली—

"कमळकाकू! हा शाम. धसईचा. माझा हाय!"

भाऱ्याखालून कमळकाकूने दोघांना नीट न्याहाळलं.

"मंग घरी ने की गो त्याला! वाटंत काय उभा केलायस?"